चार बोटांची चिठ्ठी

मी तात्यांच्या चिठ्ठ्या बंद केल्या. ठराव मीच मांडला, अनुमोदन मीच गोळा केलं आणि टाळीही बहुधा मीच आधी वाजवली.

माझ्या चुकांची यादी तशी भरगच्च आहे. बँकेत असताना एका साहेबांच्या निरोप समारंभात, माइक चालू आहे हे न कळून, 'सुटलो एकदाचे' असं मी सगळ्या सभागृहाला ऐकवलेलं आहे. बनारसला बदलून आलो त्या पहिल्याच आठवड्यात गल्लीतल्या सांडाला वाट द्यायची सोडून हॉर्न दिलेला आहे, आणि स्कूटरसकट टोमॅटोंच्या टोपलीत बसलेलो आहे. या चुका मी चवीनं सांगतो. लोक हसतात, मीही हसतो. तात्यांची गोष्ट सांगतानाही लोक अर्ध्यापर्यंत हसतात. पुढचं अर्धं मी सहसा सांगत नाही. आज सांगतो.

मंगला गौरीच्या गल्लीत आमचं एक यात्री निवास आहे. महाराष्ट्रातून अस्थी घेऊन, श्राद्धासाठी किंवा नुसत्या दर्शनाला येणाऱ्या मंडळींसाठी इथल्या काही मराठी घरांनी मिळून चालवलेलं. नऊ खोल्या, एक स्वयंपाकघर, एक टेबल. त्या टेबलामागे तात्या बसत. येणारं प्रत्येक पत्र, फोन, आणि पुढे ईमेल, त्यांच्या हातून जात असे. पत्र कितीही लांब असो, तात्या त्याची चार बोटांची चिठ्ठी करत. चार बोटं हे माप अगदी खरं. जुन्या लग्नपत्रिकेच्या कोऱ्या बाजूवर डाव्या हाताची चार बोटं आडवी ठेवायची आणि तेवढाच तुकडा फाडायचा. त्यावर तीन ओळी. अडचण काय, माणूस कोण, येणार केव्हा. चिठ्ठी मागच्या भिंतीवरच्या वाकड्या तारेला टोचली जाई. ज्याचं काम असेल तो ती काढून नेई, आणि काम झालं की शेजारच्या दुसऱ्या तारेला आणून टोचे. पहिली तार रिकामी झाली की तात्या तलवार म्यानात घालावी तसा चष्मा डबीत घालत आणि घरी जात.

घाटावर त्यांना 'चिट्ठी गुरु' म्हणत. हे नाव लल्लननं पाडलं. लल्लन पंचगंगा घाटावरचा नावाडी. नावेशिवाय त्याचा दुसरा उद्योग म्हणजे एका भक्कम खुर्चीला दोन बांबू बांधून, भावाच्या मदतीनं, म्हाताऱ्याकोताऱ्यांना घाटाच्या पायऱ्या उतरवणं. पंचगंगेच्या पायऱ्या ज्यांनी पाहिल्या आहेत त्यांना या उद्योगाचं महत्त्व सांगायला नको. लल्लनला अक्षरं जेमतेम लागत, पण तात्यांची चिठ्ठी तो लांबूनच वाचायचा. चिठ्ठीवर खुर्चीचं चित्र असायचं.

तात्यांनी सगळी नोकरी तारघरात केली होती. काउंटरवर तारा स्वीकारायच्या. कुणीतरी रडत यायचा, कागदभर मजकूर लिहायचा, आणि तात्या लाल पेन्सिलीनं त्यातून तीन शब्द ठेवायचे. "वडील अत्यवस्थ. निघा." बाकी सगळं खोडलेलं. एकदा एकजण म्हणाला, अहो, आम्ही सगळे किती काळजीत आहोत ते तरी राहू द्या. तात्या म्हणाले, "काळजी तारेतून जात नाही, भाऊ. ती त्यांना आपोआप लागेल." तारघर बंद पडलं, तात्या त्याआधीच निवृत्त झाले होते, पण लाल पेन्सिल त्यांच्या खिशात कायम राहिली. वर्तमानपत्रही ते पेन्सिलीनंच वाचत. वाचून झालं की पान लालेलाल.

"लोक अडचण शेवटी लिहितात," ते मला नेहमी सांगत. "शरम वाटते. आधी घराणं, मग गाव, मग 'आपली कीर्ती ऐकून आहोत', मग गाडीचा टाइम. आणि अगदी खाली, सहीच्या वर, हळूच, 'जाता जाता सांगायचं तर, भावाच्या आणि माझ्या खोल्या दूर द्याव्यात.' बस. तेवढंच पत्र. बाकी लिफाफा."

त्यांची मराठी अशीच होती. पाच पिढ्या काशीत गेलेल्या. क्रियापद कोकणातून आलेलं आणि बाकीचं वाक्य दशाश्वमेधच्या बाजारातून उचललेलं. "ज़रा रुका," "फालतू चक्कर नको," "मतलब काय?" हे तिन्ही शब्दप्रयोग माझ्याशी बोलताना त्यांना फार लागत.

आणखी एक गोष्ट आत्ताच सांगून ठेवतो, कारण पुढे ती लागणार आहे. तात्या काशी सोडत नसत. काकू, म्हणजे त्यांची बायको, गेल्यापासून त्यांनी शहराची शीव ओलांडली नव्हती. नागपूरला दिलेली मुलगी, सुमन, बोलावून थकली. नातीच्या लग्नालाही ते गेले नाहीत. गंगाजलाची बाटली आणि चिठ्ठी पाठवली. मी एकदा छेडलं, तर म्हणाले, "मणिकर्णिका घरापासून पैदल दहा मिनिटं. दुनिया कुठून कुठून जळायला येते तिथे. आणि मी एवढा जवळचा पत्ता सोडून नागपूरला मरायला जाऊ?" मरणाबद्दल ते असं बोलत जसं आपण गॅसच्या सिलिंडरबद्दल बोलतो: नंबर लावलाय, येईल तेव्हा येईल. स्वतःसाठीसुद्धा एक चिठ्ठी लिहून त्यांनी घरच्या खिळ्याला टोचून ठेवली होती. मला कौतुकानं दाखवली. 'अडचण: जिना अरुंद, वळणावर तिरडी अडकेल, खुर्चीतून उतरवावे. कोण: मी. केव्हा: कळवण्यात येईल.'

अशा सुरळीत चाललेल्या संसारात मी सेक्रेटरी म्हणून शिरलो.

बँकेतून निवृत्त झालेल्या माणसाला सुधारणा केल्याशिवाय अन्न पचत नाही. त्यात माझ्या भाच्यानं मला एआयवालं एक सॉफ्टवेअर दाखवलं. पत्र वाचतं, उत्तर लिहितं, सार काढतं, मीटिंगचं इतिवृत्त करतं, आणि कधीही 'आज जमणार नाही' म्हणत नाही. तीस वर्षं कारकुनांना विनवण्या केलेल्या माणसाला हा शेवटचा गुण म्हणजे साक्षात देवदर्शन. मी ते घेतलं, ईमेलला जोडलं, आणि व्हॉट्सॲपवर पाच ग्रुप काढले: खोल्या, घाट, स्वयंपाकघर, गुरुजी आणि सर्व.

पहिल्याच आठवड्यात सांगलीच्या एका गृहस्थांनी विचारलं, 'सकाळी गरम पाणी मिळते का?' यंत्रानं दीड पानाचं उत्तर लिहिलं. प्रश्नाचं स्वागत केलं, काशीत स्नानाचं महत्त्व सांगितलं, हिवाळ्यात कोणते कपडे आणावेत ते सुचवलं, आणि आणखी काही शंका असल्यास निःसंकोच विचारा असं म्हटलं. मी ते तात्यांना मोठ्यानं वाचून दाखवलं. मला वाटलं, ते भारावले. तेवढ्यात सांगलीहून परत संदेश आला: 'गरम पाणी मिळते का?' तात्यांनी माझ्या हातून फोन घेतला आणि एका बोटानं टाइप केलं: 'हो.'

"तुमचे वकीलसाहेब हुशार आहेत," फोन परत देत ते म्हणाले, "पण केस काय आहे, ते त्यांना कुणी सांगितलेलं दिसत नाही."

तेव्हापासून ते त्या सॉफ्टवेअरला वकीलसाहेब म्हणू लागले.

वकीलसाहेबांचा कारभार वाढत गेला. चाळीस मिनिटांच्या मीटिंगचं सहा पानी इतिवृत्त येऊ लागलं. त्यात 'चहा थंड असल्याबाबत सदस्यांनी चिंता व्यक्त केली' हेही असे. ते सहा पानी इतिवृत्त कुणी वाचत नसे. प्रत्येकजण आपापल्या फोनला त्याचं सार काढायला सांगे, आणि मग पुढच्या मीटिंगमध्ये पाच माणसं पाच वेगवेगळी सारं घेऊन भांडत. त्या भांडणाचं पुन्हा इतिवृत्त होई.

रोज सकाळी सात वाजता मी 'आजचं सार' पाचही ग्रुपवर पाठवू लागलो. पहिल्या दिवशी ते अर्ध्या पानाचं होतं आणि खरं सांगायचं तर बरं होतं. पण मला धास्ती वाटली. एखादी गोष्ट राहून गेली आणि सेक्रेटरीवर आली म्हणजे? म्हणून मी यंत्राला सूचना दिली: काहीही सुटता कामा नये. ते बिचारं आज्ञाधारक. त्यानं काहीही सोडलं नाही. सार दोन पानांचं झालं, मग तीन, मग पाच. लल्लन एक दिवस फोन नाचवत टेबलाशी आला. "सिक्रेटरी साहब, ई त पूरा पुरान हौ! हमके खाली एतना बतावा, कुर्सी लेके कब आवे के हौ." त्याला फक्त खुर्ची घेऊन यायची वेळ हवी होती; मी त्याला समजावलं की माहिती जितकी जास्त तितकं बरं. त्यानं तात्यांकडे पाहिलं. तात्यांनी तारेवरची चिठ्ठी काढून त्याच्या हातात ठेवली.

तेवढ्यानं माझा अपमान झाला. मी एवढं पाच पानी सार काढावं, आणि लोकांनी तारेवरचे लग्नपत्रिकेचे तुकडे वाचावेत? शिवाय दोन्हीकडे लिहिलं की घोळ होतो, असं एक कारणही मला सापडलं. पुढच्या मीटिंगमध्ये मी 'आदरणीय तात्यांना आता विश्रांती मिळावी' असा ठराव आणला. ठरावाचा मजकूर वकीलसाहेबांनी लिहिला होता. त्यात 'ऋण' हा शब्द चार वेळा होता.

तात्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग एवढंच विचारलं, "ठीक. पण अडचण कुठे लिहिणार?"

"तात्या, त्यात सगळंच असतं."

"सगळंच असतं, त्याचीच भीती वाटते," ते म्हणाले. त्यांनी दोन्ही तारा भिंतीवरून उतरवल्या, फडक्यानं पुसल्या आणि पिशवीत घालून घरी नेल्या. जाताना मला म्हणाले, "एक काम करा. शेवटचा पॅरा तरी स्वतः वाचत जा."

मी हो म्हणालो. मी कुठल्याही गोष्टीला हो म्हणतो.

कार्तिक लागला. पंचगंगेवर बांबूंच्या टोकाला आकाशदिव्यांच्या टोपल्या चढल्या, पहाटेच्या स्नानाला रीघ लागली, आणि आमच्याकडे पत्रांचा पूर आला. त्यात कराडहून एका मुलाचं पत्र होतं. वडिलांच्या अस्थी घेऊन तो आईबरोबर येणार होता. पत्र लांब होतं. वडील कोण होते, गाडी कुठली, कांदा-लसूण चालत नाही, खोली कुठल्या बाजूची हवी. आणि शेवटी, सहीच्या वर: 'आईला वर्षभरापासून जवळजवळ दिसत नाही. ती हे कुणाला सांगू देत नाही, विचारलं तर रागावेल. पायऱ्यांसाठी न बोलता काही सोय झाली तर बरं.'

यंत्रानं हे सोडलं नाही. मी काहीही सोडू नकोस म्हटलं होतं ना. त्यांच्या विधीच्या दिवशीच्या सारात ते चौथ्या पानावर होतं, 'इतर नोंदी' या मथळ्याखाली, गच्चीवरचा पाण्याचा नळ गळतो याच्या खाली.

त्या सकाळी मीही घाटावर गेलो होतो. गर्दीत आपली मंडळी नीट उतरतात की नाही ते बघायला, म्हणजे सेक्रेटरी दिसावा म्हणून. लल्लनची खुर्ची नव्हती. त्याला कुणी बोलावलंच नव्हतं. कराडच्या त्या आजी ताठ मानेनं चालत आल्या. अंगावर साधं पांढरं लुगडं, छातीशी तांब्याचा कलश धरलेला. मुलगा पुढे गुरुजींशी बोलायला गेला होता. तात्या स्नान आटोपून नेहमीच्या पायरीवर कपाळाला गंध लावत बसले होते. मी सर्वांत वर, हातात फोन घेऊन, आजचं सार उघडून आता कुणाची पाळी आहे ते शोधत होतो.

तात्यांनी आजींच्या पावलाकडे पाहिलं. डोळ्यांकडे नाही, पावलाकडे. पाऊल पायरी चाचपत होतं. त्यांना पुढचं काही सांगावं लागलं नाही. हातातली गंधाची वाटी टाकून ते उठले, दोन पायऱ्या चढून त्यांच्या खालच्या बाजूला उभे राहिले आणि म्हणाले, "वहिनी, मला जरा आधार द्या, मला दिसत नाही." हे मी माझ्या कानांनी ऐकलं. आजींनी त्यांना आधार द्यायला हात पुढे केला, आणि दोघं एकमेकांना सांभाळत उतरू लागली. चार-पाच पायऱ्या छान गेल्या. मग एक ओली पायरी आली. आजींचा पाय सरकला. तात्यांनी त्यांना मागे ढकलून पायरीवर बसवलं, आणि स्वतः तीन पायऱ्या खाली गेले.

मी तेव्हा दुसऱ्या पानावर होतो.

आजींना खरचटलंही नाही. कलश हातातच होता. तात्यांच्या खुब्याचं हाड मोडलं.

दवाखान्यात मी पहिल्या दिवशी गेलो तेव्हा त्यांनी आधी विचारलं, "वहिनींना लागलं?" मी नाही म्हणालो. "विधी झाला?" हो म्हणालो. मग विचारलं, "त्यांनी अडचण कळवली होती का?"

"हो."

"कुठे होती?"

"चौथ्या पानावर."

तात्यांनी डोळे मिटले. "म्हणजे कळवली होती," ते म्हणाले.

एवढंच. ते ओरडले असते तर मला घरी जाऊन जेवता आलं असतं.

पुढचे कितीतरी दिवस मी रोज जात होतो. शहाळं नेलं, वर्तमानपत्र नेलं, नवी लाल पेन्सिल नेली. हवापाण्यावर बोललो, डॉक्टरच्या स्वभावावर बोललो, कचोरीवाल्यानं तेल बदललं त्यावर बोललो. माफीचा शब्द सोडून सगळं बोललो. दरम्यान समितीनं झाल्या प्रकाराचा अहवाल मागितला. मी तो वकीलसाहेबांकडून लिहवून घेतला. नऊ पानं. 'संवादप्रक्रियेत सुधारणेस वाव आहे' असा निष्कर्ष. त्यात 'सेक्रेटरी' हा शब्द एकदाही येत नव्हता. तशी सूचना मीच दिली होती. अहवाल एकमतानं मंजूर झाला, कारण कुणी वाचला नाही.

एके दुपारी तात्या उशीला टेकून बसले होते. म्हणाले, "वकीलसाहेबांना बोलवा जरा." मी फोन काढला. "ते कराडचं पत्र द्या त्यांना. आणि मी सांगतो तसं लिहा. पत्र पूर्ण वाच. पहिल्या ओळीत अडचण. दुसऱ्या ओळीत माणूस. तिसऱ्या ओळीत केव्हा. चौथी ओळ नको. अडचण दिसली नाही तर तसं लिही, स्वतःच्या मनानं बनवू नको. आणि काम कुणा एकाचं आहे त्याचं नाव घाल, बाकीच्यांना त्रास नको."

मी टाइप केलं. क्षणभरात तीन ओळी आल्या. 'आईंना जवळजवळ दिसत नाही, बोलून न दाखवता पायऱ्यांसाठी खुर्ची हवी – लल्लन.' खाली नाव, खाली दिवस.

तात्यांनी फोन डोळ्यांजवळ धरून वाचलं. पुन्हा वाचलं. मला वाटलं होतं, ते यंत्राला नावं ठेवतील. मी त्याचीच वाट बघत होतो. दोष वाटून घ्यायला कुणीतरी मिळालं असतं.

"अहो, हा तर शहाणा आहे," ते म्हणाले. "याला कधी कुणी विचारलंच नाही. नोकर चांगला मिळालाय तुम्हाला, सेक्रेटरी. मालक घाबरट आहे."

मग त्यांनी मला शिकवायला घेतलं. पडल्या पडल्या, दुपारी दोन ते तीन. उत्तर प्रश्नापेक्षा लांब करायचं नाही. ज्याला उठून काही करायचं आहे त्यालाच निरोप जाईल; 'सर्व' नावाच्या ग्रुपचं श्राद्ध घालून टाका. मीटिंगमध्ये काय ठरलं आणि कोण करणार, तेवढंच लिहायचं. चहा थंड असेल तर गरम करायचा, लिहायचा नाही. "आणि काहीतरी सुटेल म्हणून भिऊ नका," ते म्हणाले. "सुटायलाच पाहिजे. तारघरात मी काय करत होतो? सोडत होतो. काय सोडायचं, ते त्याला सांगा. पण शेवटचा पॅरा तुम्ही स्वतः वाचायचा. ते काम नोकराचं नाही." शहात्तर-सत्त्याहत्तर वर्षांचा माणूस, पाय वजनाला बांधलेला, आणि मला सॉफ्टवेअर शिकवत होता. मी वहीत टिपून घेत होतो. वहीची तीन पानं भरली तेव्हा त्यांनी ती मागून घेतली आणि लाल पेन्सिल फिरवून पाच ओळी ठेवल्या.

हाड जुळलं, पण जिना काही जुळेना. तात्यांचं घर तिसऱ्या मजल्यावर, अंधाऱ्या, एकमाणशी जिन्याचं. गल्लीत रिक्षासुद्धा शिरत नाही. वॉकर घेऊन तिथे एकट्यानं राहणं शक्य नव्हतं. सुमन महिनाभर रजा काढून राहिली होती. शेवटी ती म्हणाली, "बाबा, मला इथे राहता येणार नाही. तुम्हाला तिथे राहता येईल." मला वाटलं, आता ते मणिकर्णिकेचा पत्ता काढतील, दहा मिनिटांचं अंतर सांगतील. मी तयार होतो. मी म्हणणार होतो की आमच्या तळमजल्यावर राहा, बायको आणि मी बघू. वाक्य जुळवत होतो.

तात्या म्हणाले, "बरं."

सामान आवरताना सुमनला खिळ्यावरची ती चिठ्ठी सापडली. तिनं वाचली, तोंडावर पदर घेतला आणि लल्लनकडे दिली. त्यावर खुर्चीचं चित्र होतंच. लल्लन आणि त्याचा भाऊ बांबूची खुर्ची घेऊन आले. वळणावर भिंत घासली, अगदी चिठ्ठीत लिहिल्याप्रमाणे. "'राम नाम' नको रे," तात्या वरून म्हणाले, "शेजारी घाबरतील, डोळे उघडे आहेत माझे." गल्लीतले सगळे हसले. पानवाला पान घेऊन धावत आला. गुरुजींनी गंगाजल दिलं. मी मागून पिशवी घेऊन चालत होतो. खुर्ची चढावर नेताना तोंड मागे करून नेतात, म्हणजे बसणारा पुढे कलंडत नाही. त्यामुळे मंगला गौरीपासून वरच्या रस्त्यापर्यंत तात्यांचं तोंड घाटाकडे होतं, आणि त्यांच्या नि घाटाच्या मधे मी होतो. दोनदा बाजूला होऊन पाहिलं. गल्ली तेवढी रुंद नाही.

गाडीत बसल्यावर त्यांनी पिशवीतून दोन्ही तारा काढून माझ्या हातात दिल्या. "भिंतीला खिळे तसेच आहेत ना?"

"आहेत."

"मग झालं."

त्या तारा आता जागेवर आहेत. यंत्र रोज सकाळी तीन-तीन ओळी काढून देतं, मी मूळ पत्राचा शेवटचा परिच्छेद वाचतो, आणि लग्नपत्रिकेच्या पाठीवर चार बोटं ठेवून हातानं उतरवून घेतो. खुर्चीचं चित्र मला नीट येत नाही. लल्लन म्हणतो, म्हैस वाटते. पण तो येतो वेळेवर. ग्रुप एकच उरलाय आणि त्यावर दिवसाला चार-पाच संदेश येतात. परवा सातारच्या एका बाईंनी अगदी शेवटी लिहिलं होतं की नवऱ्याच्या अस्थी आहेत पण त्याच्यासाठी रडू येत नाही, गुरुजींनी काही विचारू नये. चिठ्ठी गुरुजींना गेली. त्यांनी काही विचारलं नाही. अशा दिवशी मला वाटतं, तात्यांना कळवावं. मग आठवतं, आधी दुसरंच काहीतरी कळवायचं राहिलंय.

शेवटी एकदाचं मी पत्र लिहायला घेतलं. हातानं. एकदा मोह होऊन यंत्राला मसुदा मागितला, तर त्यानं इतकी सुरेख माफी लिहिली की मला स्वतःलाच स्वतःला माफ करावंसं वाटलं. ती पुसून टाकली. मग स्वतः लिहिलं. गल्लीची खबरबात लिहिली, कार्तिकातले दिवे लिहिले, लल्लनच्या नव्या नावेचा रंग लिहिला, त्यांच्या नेहमीच्या पायरीवर आता कोण बसतं ते लिहिलं, तारांबद्दल लिहिलं. आणि लिहिता लिहिता, तात्या, माझ्यामुळे तुमची काशी सुटली, मला क्षमा करा, हेही लिहिलं. ते लिहून झाल्यावर तिथेच थांबायचा धीर झाला नाही, म्हणून पुढे दोन पानं हवेबद्दल लिहिलं. सहा पानं झाली. पोस्टात टाकलं आणि रोज पोस्टमनची वाट बघू लागलो.

तीन आठवड्यांनी नागपूरहून लिफाफा आला. आत नातीच्या लग्नपत्रिकेचा तुकडा, बरोबर चार बोटांचा. लाल पेन्सिलीनं तीन ओळी.

'पत्र पोचलं.
माफी चौथ्या पानावर सापडली.
अजून शिकला नाहीत.'